भुकेल्याला शील लागू नाही काय?



व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीतला मुंबईचा गिरणी कामगार डोळ्यांपुढे आणा. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम. चाळीतल्या एका कोंदट खोलीत सारे बिऱ्हाड. रविवारची सुट्टीसुद्धा नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मिळाली. हा माणूस नागवला जात होता यात शंका नाही.

पण गिरण्यांतल्या विणकाम खात्यात, जिथे मजुरी बरी, तिथे अस्पृश्याला वर्षानुवर्षे मज्जाव होता. कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्यातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याचा उष्टा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. मालकाने हे चालू दिले खरे, पण हट्ट सोबतच्या कामगारांचाच. कामगारांची एकजूट म्हणतात ती ही! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला.

कोणी म्हणेल, पोटात आग पडलेल्याला नीती कसली विचारता? तर दुसरे शील आठवा. आपल्याला दिलेले नाही ते घेऊ नये. दुसऱ्याला मागापासून दूर ठेवून आपली जादा मजुरी राखणे ही चोरीच आहे, चोर कितीही गांजलेला असो.

आता आपले घर पाहू. वज्रेश्वरीच्या आसपास, भिवंडी तालुक्यात, कातकरी कुटुंबे उचल घेऊन लेकराबाळांसह वीटभट्टीवर राबतात. त्यांतली एखादी बाई तुमच्या दारी पाणी मागते, तेव्हा तिच्यासाठी तांब्या वेगळा निघतो, की रोजचाच?