मातीची सेना आणि बोलक्या पुतळ्या

सोलापूरहून प्रसिद्ध होणारे दाते पंचांग गेली शंभरांहून अधिक वर्षे मराठी घरांत वापरले जाते. त्यात तिथी-नक्षत्र पाहणाऱ्याला 'शालिवाहन शके' हे शब्द कालगणनेची निव्वळ खूण वाटतात. या शब्दांमागे एक कथा उभी आहे आणि ती खेळण्यांच्या युद्धाची कथा आहे. पैठणला कुंभाराच्या आश्रयाने वाढलेल्या एका मुलाने मातीचे हत्ती, घोडे आणि शिपाई घडविले; त्यांच्यावर अमृत शिंपडताच ते सजीव झाले आणि त्यांनी उज्जयिनीच्या विक्रमादित्याचा पराभव केला. पाडव्याच्या निमित्ताने ही कथा मुलांना सांगितली जाते ती सत्पक्षाच्या विजयाची कथा म्हणून. तिच्यात दडलेला नैतिक प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. ज्या वस्तूला सत् आणि असत् यांत निवड करण्याची मुभाच नाही, तिच्याकरवी लढून मिळविलेला विजय कितपत 'सत्'चा म्हणायचा? आणि त्या वस्तूने केलेल्या कृत्याचे कर्तेपण कोणाकडे जाते? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार दोन परस्परसंबद्ध कथांच्या आधारे करावयाचा आहे: शालिवाहनाच्या मृण्मय सेनेची कथा आणि 'सिंहासन बत्तिशी'तील बत्तीस पुतळ्यांची कथा.

१

शालिवाहनकथेचे एक महत्त्वाचे रूप जिनप्रभसूरींच्या 'विविधतीर्थकल्प' या चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ग्रंथात, प्रतिष्ठानपुराच्या वर्णनात, आढळते. नागराज शेषापासून एका ब्राह्मण विधवेला झालेला हा मुलगा. लोकनिंदेमुळे एकाकी पडलेली त्याची आई कुंभाराच्या घरी आसरा घेते. सवंगड्यांशी खेळताना हा मुलगा राजा होतो आणि मातीची वाहने करून ती त्यांना देऊन टाकतो. 'सातवाहन' या नावाची व्युत्पत्ती कथाकार येथेच लावतो: 'सन्' या दानार्थक धातूवरून, वाहने देणारा तो सातवाहन. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही व्युत्पत्ती टिकते की नाही, हा वेगळा प्रश्न. कथेच्या अर्थदृष्टीने ती फार बोलकी आहे. नायकाला नाव मिळते ते युद्धानंतर मिळत नाही, खेळात मिळते. ते मारल्याबद्दल मिळत नाही, दिल्याबद्दल मिळते.

त्यानंतर येतो न्यायनिवाडा. मरणासन्न पित्याने चार मुलांसाठी पुरून ठेवलेल्या चार घटांचा तंटा विक्रमाच्या दरबारात सुटत नाही. खेळातला हा राजा तो सोडवितो: सोने असलेला घट ज्याच्या वाट्याला आला त्याला धन, मातीचा आला त्याला शेती, भुसा आला त्याला धान्य, हाडे आली त्याला गुरेढोरे. रशियन लोककथामीमांसक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले की, अद्भुतकथेत नायकाच्या हाती जादूची वस्तू येण्यापूर्वी त्याची परीक्षा होते. हा निवाडा म्हणजे तीच परीक्षा होय, असे म्हणता येईल. परंतु येथे परीक्षेतील यशच संकट ओढवून आणते. निवाड्याची वार्ता ऐकून विक्रमाला आपल्या राज्याचा भावी प्रतिस्पर्धी कळतो आणि तो सैन्यासह चालून येतो.

येथे कथेच्या मूल्यव्यवस्थेतील पहिली फट दिसते. चालून येणारा विक्रम हा राक्षस नव्हे. औदार्य, पराक्रम आणि न्याय यांचा आदर्श म्हणून हीच परंपरा त्याला शेकडो वर्षे गौरवीत आली आहे. तोच विक्रम या कथेत, कंसाप्रमाणे, एका मुलाच्या भयाने शस्त्र उचलतो. म्हणजे 'असत्' हे कोणा व्यक्तीचे स्थायी लक्षण म्हणून येत नाही. सिंहासन जाईल या भीतीतून ते उपजते. युद्ध संपल्यावर कथेतला सातवाहन दक्षिणापथ ऋणमुक्त करतो, तापीच्या तीरापर्यंत आपली सत्ता नेतो आणि स्वतःचा संवत्सर सुरू करतो. नर्मदेच्या उत्तरेस विक्रम आणि दक्षिणेस शालिवाहन अशी जी कालगणनेची वाटणी रूढ झाली, तिने सत्पक्षाचीही वाटणी करून टाकली. एकाच युद्धाचे दोन नायक. कोणता खरा, हे आपण नदीच्या कोणत्या काठावर उभे आहोत यावर ठरते.

इतिहास या वाटणीची आणखी फजिती करतो. विक्रम संवत इसवी सनपूर्व ५७ चा आणि शालिवाहन शक इसवी सन ७८ चा. दोहोंमध्ये १३५ वर्षांचे अंतर आहे. या गणना त्या त्या राजाने सुरू केल्या असे मानले, तर दोघांची रणांगणावर गाठ पडणे संभवत नाही. शिवाय शकगणनेला शालिवाहनाचे नाव चिकटले ते मध्ययुगात. आरंभीच्या शतकांत ती वापरणाऱ्यांत सातवाहनांचे प्रतिस्पर्धी पश्चिमी क्षत्रप होते. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात नहपानाचा पाडाव केला, याचा पुरावा १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडलेल्या नाणेसंचयात आहे. त्यातील तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नहपानाच्या नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटविला होता. नव्या ठशाखाली जुना मुखवटा अजून दिसतो. 'शालिवाहन शक' या नावाचेही तसेच आहे: विजेत्याच्या नावाखाली पराभूताचे नाव शिल्लक आहे, आणि ते वाचल्याखेरीज वर्ष सांगता येत नाही.

२

मातीच्या सेनेकडे वळू. सत्पक्ष कोणता हे ठरविणे अवघड आहे, एवढ्यावर थांबलो तर मूळ प्रश्न निसटतो. सातवाहनाची बाजू न्यायाची होती हे आपण मान्य करू. चालून आलेल्या सैन्यापासून मुलाचा जीव वाचविणे न्याय्यच आहे. तरीही अमृत शिंपडण्याच्या त्या क्षणी एक बदल घडतो. जी वाहने सवंगड्यांना देण्यासाठी केली होती, ती आता हुकुमावर चालणारी सेना होते. दानाची वस्तू दंडाची वस्तू बनते. ज्या कृतीने नायकाला नाव दिले, तिचेच हे उलटे रूप आहे.

आणि युद्धानंतर त्या शिपायांचे काय होते? अमृताने आलेला जीव परत माती होतो का? त्यांना घरे मिळतात का? रणात जे फुटले त्यांच्यासाठी कोणी रडते का? कथेला या प्रश्नांत रस नाही. अद्भुतकथेकडे असले हिशेब मागणे म्हणजे तिच्या रूपबंधावर अन्याय होय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. आक्षेप वजनदार आहे. परंतु कथा सांगते ते जितके अर्थपूर्ण असते, तितकेच ती कोणाविषयी गप्प राहते हेही अर्थपूर्ण असते. दक्षिणापथ ऋणमुक्त करणाऱ्या राजावर ज्यांचे ऋण उरते ते हे मातीचे शिपाई होत. नेमके तेच या हिशेबात येत नाहीत.

अन्य परंपरांतील अशा कथांशी तुलना केल्यास हे मौन अधिक स्पष्ट होते. ई. टी. ए. हॉफमान यांच्या १८१६ मधील नटक्रॅकर आणि उंदीरराजाच्या जर्मन कथेतही मुलीची खेळणी रात्री जिवंत होऊन दुष्टाशी लढतात. तेथे मात्र मारी या मुलीला किंमत मोजावी लागते: तिचा हात काचेने कापतो, आणि आपल्या लाडक्या सैनिकाला वाचविण्यासाठी तिला आपली मिठाई व साखरेच्या बाहुल्या उंदीरराजाला द्याव्या लागतात. प्रागच्या यहुदी आख्यायिकेतील गोलेम हा मातीचा माणूस समाजाच्या रक्षणासाठी घडविलेला. पण त्याला थांबवायचे कसे, ही चिंता त्या आख्यायिकेत वारंवार उमटते. एका कथेत जीव देणाऱ्यावर झीज सोसण्याची जबाबदारी येते, दुसऱ्या कथेत आवर घालण्याची. पैठणच्या कथेत घडविणारा यांपैकी काहीच न करता राजा होतो.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या 'मिथॉलॉजीज'मध्ये फ्रेंच खेळण्यांविषयी तक्रार केली होती की, ती मुलाला वस्तूचा मालक आणि वापरणारा बनवितात, निर्माता बनू देत नाहीत. शालिवाहन स्वतःच्या हातांनी खेळणी घडवितो. म्हणजे बार्थ यांना हवा असलेला निर्माता तो आहे. तरीही युद्धाच्या क्षणी तो मालक होतो. निर्मिती ही मालकीवरचा उतारा आहे, हे गृहीतक ही कथा डळमळीत करते. घडविणाऱ्याचा हात जितका कुशल, तितकी घडविलेल्या वस्तूची आज्ञाधारकता पूर्ण असू शकते.

३

याच युद्धाच्या पोटातून दुसरी कथा निघते. 'सिंहासन बत्तिशी'च्या चौकटीत विक्रम शालिवाहनाशी लढताना मारला जातो. त्याच्या आसनाला योग्य वारस नसल्याने ते जमिनीत पुरले जाते. पुढे भोजराजाच्या काळी त्या जागेवरील शेतात एक ब्राह्मण राखणीसाठी माचा बांधतो. माच्यावर चढला की तो उदार होतो, येणाऱ्याजाणाऱ्याला शेतातले हवे ते घ्या म्हणतो. खाली उतरला की पुन्हा कृपण. खाली पुरलेल्या आसनाचा हा प्रभाव. म्हणजे चांगुलपण माणसात नाही, जागेत आहे. जादूच्या वस्तूवर अवलंबून असलेल्या नीतीचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल.

भोज ते सिंहासन उकरून काढतो व त्यावर बसू पाहतो, तेव्हा बत्तीस पुतळ्या एकामागून एक त्याला अडवितात. प्रत्येक पुतळी विक्रमाच्या औदार्याची एक गोष्ट सांगते आणि विचारते: तुझ्या ठायी असे काही असेल तर बैस. माच्याने जे उसने दिले होते, ते पुतळ्या देण्याचे नाकारतात. चांगुलपणाचा प्रश्न त्या वस्तूकडून पुन्हा माणसाकडे आणतात. मातीची सेना 'हो' म्हणण्यासाठी जिवंत होते. या पुतळ्या 'थांब' म्हणण्यासाठी बोलतात. शेवटही लक्षणीय आहे. त्या शापित अप्सरा असून कथा सांगून झाल्यावर मुक्त होतात. मातीच्या शिपायांना जे लाभले नाही ते, म्हणजे स्वतःचा वृत्तान्त आणि स्वतःची अखेर, पुतळ्यांना लाभते.

बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यातून वैजनाथ शर्मा यांचे मराठी 'सिंहासन बत्तिशी' १८१४ मध्ये बाहेर पडले. म्हणजे मराठी गद्य छपाईच्या अगदी आरंभी आपल्या हाती या प्रश्न विचारणाऱ्या पुतळ्या होत्या. आपण त्यांना बालवाङ्मयाच्या कपाटात ठेवले आणि कालगणनेसाठी सेना निवडली.

४

हे द्वंद्व ग्रंथांपुरते मर्यादित नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची आख्यायिकाही कुंभाराच्या घराशी येऊन पोचते. बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांशी विवाह करण्याची इच्छा एका कुंभारकन्येने व्यक्त केली. योगी असल्याने त्यांनी नकार दिला आणि आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास संमती दिली. संक्रांतीच्या सुमारास नंदीध्वजांच्या साक्षीने हा अक्षता सोहळा होतो आणि त्यानंतरच्या होमविधीत बाजरीच्या पेंढीला साडी नेसवून कुंभारकन्येचे प्रतीक अग्नीला अर्पण केले जाते. येथेही निर्जीव वस्तू माणसाच्या जागी उभी राहते. परंतु तिचे काम शत्रूला मारणे हे नाही. एक इच्छा आणि एक नकार, दोहोंचा मान राखणे हे आहे. दंड वराच्या जागी येतो म्हणून योग्याचे व्रत मोडत नाही आणि मुलीचा शब्दही वाया जात नाही. मात्र शेवटी जळते ती पेंढी कुंभारकन्येची असते, आणि आख्यायिका तिला सहसा 'कुंभारकन्या' एवढ्याच ओळखीने स्मरते. वस्तू प्रतिनिधित्व करते तेव्हा झळ कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न या सौम्य कथेतही सुटलेला नाही.

या तीन वस्तूंमध्ये, म्हणजे शिपाई, पुतळी आणि पेंढी यांत, एक अनुक्रम दिसतो. शिपाई आज्ञा पाळतो, पुतळी आज्ञा अडविते, पेंढी दुसऱ्याचा भार वाहते. सत् आणि असत् यांच्या लढ्याची कथा वाचताना कोण जिंकले याआधी, जिवंत केलेल्या वस्तूला नकाराची जागा होती का, हे पाहिले पाहिजे. नसेल, तर तिच्या प्रत्येक कृत्याचे उत्तर घडविणाऱ्यालाच द्यावे लागते; त्याची बाजू न्यायाची होती एवढ्याने ते चुकत नाही. उलट न्यायाची बाजू असणाऱ्यालाच हा विसर सहज पडतो, कारण साधनाची आज्ञाधारकता त्याला आपल्या साध्याची शुद्धता वाटू लागते. चालकाविना उडणारी आणि स्वतः लक्ष्य हेरणारी शस्त्रे आज युद्धात उतरली आहेत, तेव्हा हा प्रश्न केवळ कथामीमांसेचा राहत नाही.

महाराष्ट्रातील मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात. त्यांवर शिवाजी महाराज असतात, मावळे असतात, पायथ्याशी गवळण, शेतकरी आणि बाजारही असतो. शत्रूचे सैन्य मात्र बहुधा नसते. मातीच्या शिपायांना तेथे मारण्याचे काम नाही, राखण्याचे आहे. खेळणाऱ्या मुलाने वाहने वाटून टाकली आणि त्यावरून त्याला नाव मिळाले, ही शालिवाहनकथेची पहिली ओळ या किल्ल्यांना अधिक जवळची आहे. सेनेची गोष्ट त्यानंतरची. 'शालिवाहन शके' हे शब्द वाचताना आपण कोणत्या शालिवाहनाच्या वर्षात राहतो, वाहने देणाऱ्याच्या की सेना उठविणाऱ्याच्या, हे पंचांग सांगू शकत नाही. ते विचारण्यासाठी एखादी पुतळीच हवी.