जन्म कुठला, की मुक्काम किती?

भारतात स्थलांतराची मोजणी सुरू झाली ती एका साध्या प्रश्नाने : जन्म कुठे झाला? एकोणिसाव्या शतकातल्या जनगणनांपासून हा प्रश्न विचारला जातो आणि त्याने मोठं काम केलं आहे. मुंबईच्या गिरण्या रत्नागिरीच्या माणसांवर किती अवलंबून आहेत, हे आकड्यांत दिसलं ते त्याच्यामुळेच. १९७१ साली याआधीच्या वास्तव्याचा प्रश्न त्याला जोडला गेला, १९८१ साली स्थलांतराचं कारणही. प्रश्न वाढले, पण मुळातली समजूत तीच राहिली : माणूस एक घर मोडतो आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटतो. सासरी गेलेली मुलगी आणि बदली झालेला कारकून या समजुतीत नेमके बसतात. म्हणूनच २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ कोटी स्थलांतरित निघाले आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा लग्नामुळे गाव सोडलेल्या बायकांचा होता. दर साल जाऊन दर साल परतणाऱ्या मजुरासाठी या तक्त्यात रकाना नव्हता.

या मजुराचं जगणं कळलं ते त्याच्या मागे फिरलेल्या अभ्यासकांमुळे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत काम करत होते. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांवर त्यांनी १९७८ साली सविस्तर लिहिलं. त्यांच्या आणि नंतरच्यांच्या कामातून एक गोष्ट पक्की झाली. अशा स्थलांतराचा कणा म्हणजे उचल, मुकादम आणि हंगाम. बीडकडे पाहा : पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोने मिळून एक कोयता म्हणून निघायचं, कोपीत राहायचं आणि उचल फिटेपर्यंत ऊस तोडायचा. हे समजल्यावर जन्मगाव विचारून भागत नाही. किती महिने बाहेर होता, कुणी नेलं, डोक्यावर किती उचल आहे, हे विचारावं लागतं. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ च्या फेरीत कामासाठी एक महिना किंवा अधिक, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेल्यांची वेगळी नोंद घेतली. पाऊल मोलाचं होतं. तरी हंगाम लांबून सहा महिने भरले की मजूर या व्याख्येतून निसटतो, आणि अख्खं कुटुंब फडावर असेल तर पाहणी करणाऱ्याला दाराचं कुलूपच दिसतं.

कायद्याने ही उणीव भरून काढायला हवी होती. ओडिशातल्या दादन, म्हणजे उचल देऊन परराज्यांत नेलेल्या, मजुरांच्या हालांमुळे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आला. पण नोंदवही ठेवायची कुणी, तर कंत्राटदाराने, म्हणजे जी न ठेवण्यातच ज्याचा फायदा त्याने. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांवरून कामासाठी परराज्यांत जाणाऱ्यांचा आकडा वर्षाला सुमारे ९० लाख काढला. युक्ती चांगली, पण तिकिटावर पत्ता नसतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याची किंमत मोजावी लागली. जालन्याहून रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली गेले. त्याच सप्टेंबरात केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की घराकडे निघालेल्या किती स्थलांतरितांचा मृत्यू झाला याची माहिती आपल्याकडे नाही. त्या दिवसांत माहिती होती ती मजुरांचे फोन घेणाऱ्यांकडे. ‘स्ट्रँडेड वर्कर्स ॲक्शन नेटवर्क’ने मदत मागणाऱ्या हजारो मजुरांशी बोलून एप्रिलमध्येच अहवाल काढला : त्यांतल्या ९६ टक्क्यांना सरकारी शिधा मिळाला नव्हता. दक्षिण राजस्थानात २००५ पासून काम करणाऱ्या आजीविका ब्यूरोची जाणही अशीच सेवेतून आली आहे : आधी ओळखपत्र, बुडालेली मजुरी, कायद्याची मदत, मग त्यातून अभ्यास. माझं म्हणणं हेच आहे की स्थलांतराचं खात्रीचं ज्ञान आता अशा संस्थांच्या दप्तरात आहे आणि सरकारने ते पुरावा म्हणून मानलं पाहिजे.

यावर संख्याशास्त्रज्ञ आक्षेप घेतील की मदतीसाठी फोन करणारे म्हणजे सगळे मजूर नव्हेत. आक्षेप रास्त आहे. त्या ९६ टक्क्यांवरून देशाचा आकडा काढता येणार नाही. पण काय मोजायला हवं हे त्यातून कळतं, आणि ते कळल्यावर शास्त्रशुद्ध मोजणीही जमते. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन यांनी १९९८ साली केरळ स्थलांतर पाहणी सुरू केली. घरोघरी जाऊन कोण बाहेर आहे, कोण परतलं, पैसे किती येतात हे विचारलं, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा विचारलं. आखातात गेलेल्यांसाठी जे करता आलं ते बीड-धाराशिवच्या टोळ्यांसाठी न करण्याला सबब नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. नोंद म्हणजे पाळत. परप्रांतीयाकडे संशयाने पाहणाऱ्या शहरात नाव-पत्त्यांची यादी उद्या त्याच्याच विरोधात वापरली जाऊ शकते. २०२१ साली आलेल्या ई-श्रमसारख्या मध्यवर्ती नोंदणीबाबत ही भीती झटकून टाकता येत नाही. म्हणून नावानिशी नोंद मूळ गावच्या ग्रामपंचायतीत, मजुराच्या हक्काच्या जागी राहावी. संशोधकांना आणि मंत्रालयाला मिळावेत ते महिने, उचल, मजुरी, मुकादमांची साखळी यांचे नाव नसलेले आकडे. नव्या जनगणनेतली लोकसंख्येची मोजणी देशाच्या बहुतेक भागांत फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे. त्या महिन्यात गळीत हंगाम जोरात असेल आणि मराठवाड्यातली हजारो घरं बंद असतील. प्रगणकांना गावाच्या यादीबरोबर कारखान्यांच्या टोळ्यांची यादीही द्यायची की नाही, हे त्याआधी ठरवता येईल.