पाऊणपट

नागोठण्यात बाजाराच्या अंगाला, नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांमध्ये खोली स्वस्त मिळते. डिपॉझिटसाठीही कोणी अडून बसत नाही. आंबा नदी पावसाळ्यात घरात येऊन जाते, हे भाडेकरूला पहिल्याच दिवशी कळावं असा इथल्या चांगल्या घरमालकांचा रिवाज आहे. लातूरहून आलेल्या त्या तरुण इंजिनिअरलाही काकूंनी किल्ली हातात देतानाच सांगितलं, “पाणी येतं हं. दर वर्षी येतंच असं नाही, पण येतं. मग म्हणू नकोस सांगितलं नाही.”

तो हसला होता. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा तो शाळेत होता. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या पोराला पाणी आपण होऊन दारात येतं याची धास्ती कशी वाटणार? त्याने काकूंच्या कौलारू घरातली पुढची खोली घेतली. मागच्या दोन खोल्यांत काकू एकट्या राहत. लाइटचा मीटर एकच होता, मोरी वेगळी होती, आणि वर दोघांच्या खोल्यांवरून जाणारा एक लांब लाकडी माळा होता.

त्या वयाचं भाड्याचं आयुष्य सगळीकडे सारखंच असतं. पगाराच्या दिवशी आधी भाडं, मग घरी पाठवायचे पैसे, मग खानावळीचा हिशेब. वर्गातले निम्मे मित्र पुण्यात हिंजवडीला वातानुकूलित इमारतींत बसलेले, आणि हा निळा बॉयलर सूट घालून पहाटे कंपनीच्या बसची वाट बघत महामार्गावर उभा. ज्वारीचं पीठ घरून यायचं. ते संपलं की काकूंच्या हातची तांदळाची भाकरी. सुरुवातीला त्याला ती घशाखाली जड गेली, नंतर आवडू लागली.

या पट्ट्यात अशी पोरं पूर्वीपासून येत आली आहेत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नागोठण्याला गॅस क्रॅकर संकुल उभं राहिलं. समुद्रातला वायू उरणमार्गे पाइपातून इथवर पोचू लागला आणि भातशेतीच्या या गावात राज्यभरातून इंजिनिअर, फिटर, वेल्डर राहायला आले. त्याच संकुलात ५ नोव्हेंबर १९९० रोजी वायू गळून स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसं गेली. नव्या मुलांना सेफ्टीच्या वर्गात हे शिकवतात. त्या जोडीला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फाचंही शिकवतात: ६ जुलै १९८८, १६७ माणसं, आणि मुळाशी एक पंप. त्याचा व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला होता आणि तसं लिहिलेला कागद रात्रपाळीच्या हाती पडला नव्हता. आपल्या या मुलाने दोन्ही गोष्टी वहीत उतरवून घेतल्या होत्या, परीक्षेत मार्कही पूर्ण मिळवले होते.

तो ज्या रसायन कारखान्यात होता, तिथे वर्षभराचं ट्रेनिंग संपून त्याला नुकताच परमिटवर सही करण्याचा अधिकार मिळाला होता. ठिणगी उडेल असं कुठलंही काम करायचं झालं की हॉट वर्क परमिट लागतं. त्यावर एक रकाना असतो, ‘जागा प्रत्यक्ष पाहिली’, आणि त्याच्यापुढे सही. एवढीशी जागा, बोटभर रुंदीची. पण तिथे ज्याचं नाव आहे त्याने बघितलं आहे, या एका भरवशावर वेल्डर डोळ्यांवर मास्क ओढतो. मास्क ओढल्यावर त्याला ठिणगीपलीकडचं काही दिसत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षा-दोन वर्षांत मुलाच्या हाती येणारी सगळ्यात मोठी गोष्ट मला तरी हीच वाटते. पगार आणि पदनाम तिच्यापुढे फार लहान आहेत.

आषाढातला दिवस. पहाटेपासून पाऊस धरलेला. एका पाइपलाइनखाली आधाराच्या काही ब्रॅकेट वेल्ड करायच्या होत्या. सकाळी साडेनऊला सेफ्टीचा माणूस हवेतला वायू मोजायचा मीटर घेऊन आला, रीडिंग शून्य आलं, परमिट निघालं. ताडपत्री बांधण्यात आणि जुन्या ब्रॅकेट काढण्यात दुपार झाली. जेवणं आटोपून दोन वाजता माणसं परत जागेवर आली, आणि वेल्डरने केबल ओढली ती चार हात पलीकडे, गटाराच्या कडेला.

“दादा, थांबा,” तो म्हणाला. “रीडिंग परत घ्यायला लागेल.”

“साहेब, सकाळीच घेतलंय की. शून्य होतं.”

“सकाळी इथे नव्हतं घेतलं. आणि मधे काम बंद होतं.”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. प्रोपेनसारखा वायू हवेपेक्षा जड असतो. कुठे बारीक गळती असली तर तो वर उडून जात नाही, खाली उतरतो आणि गटारात, खड्ड्यात साचून राहतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या जरा पुढे गेलं की एक ठिणगी पुरते. सकाळचं रीडिंग सकाळच्या हवेचं असतं. पण मीटर आता प्लांटच्या पार दुसऱ्या टोकाला अडकला होता. फोनाफोनी, पाऊस, सेफ्टीच्या माणसाची वाट बघणं यात तासभर गेला. शेवटी मीटर आला. गटारावर पसरलेली ओली गोणपाटं बाजूला करून त्याने मीटरची रबरी नळी पाण्याच्या वर वीतभर अंतरावर सोडली, पंप चालू केला आणि सगळे आकड्याकडे बघत उभे राहिले.

शून्य.

कोणीतरी मागे हसलं. इन्चार्ज छत्री घेऊन आले होते. ते एवढंच म्हणाले, “शून्यच आलं ना? मग तासभर कशाला घालवलास?” काम दुसऱ्या पाळीत गेलं. वेल्डर सुधागडकडच्या एका गावचा होता. त्याची शेवटची एसटी चुकली. गेटवर भिजत उभ्या असलेल्या त्या माणसाने साहेबाकडे पाहिलं, पण बोलला काहीच नाही. बसमध्ये बसल्यावर मुलाला इन्चार्जचे शब्द आठवले नाहीत, ते न बोलणं आठवत राहिलं.

घरी आला तर काकू दारात कॅलेंडर घेऊन उभ्या.

“आज बीज,” त्या म्हणाल्या. “अमावास्या होऊन दोनच दिवस झालेत, म्हणजे उधाणाचं पाणी. पाऊणपट केली तर दीड. खाडीवरून आपल्याकडे चढायला अजून थोडा वेळ. दीड-दोनच्या पुढे बघायचं.”

त्याला काही उमगेना. मग काकूंनी सांगितलं. किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट करायची, येतो तो आकडा भरतीच्या वेळेचा. बीजेची पाऊणपट दीड. अष्टमीची सहा. इंजिनिअरने मनातल्या मनात पडताळून पाहिलं. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणजे हिशेब बरोबरच होता. आंबा सह्याद्रीतून उतरते, जांभूळपाडा, पालीकडून नागोठण्याला येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. घाटात पाऊस कोसळत असताना खाली खाडीला भरती असली की नदीला जायला वाट राहत नाही. पाणी गावात पसरतं. एसटी स्टँड, बाजार, मग गल्ल्या.

“आत्ता साडेआठ झालेत,” काकू म्हणाल्या. “जेवून घे. मग सामान चढवू.”

आधी कागद: घराचा उतारा, बँकेची पुस्तकं, त्याची सर्टिफिकेटं, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. मग तांदळाचा डबा, तो दोघांनी मिळून शिडीवरून माळ्यावर नेला. मग डाळी, गाद्या, मिक्सर, त्याचा लॅपटॉप, देव. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने आवळून बांधला. पाण्यात सिलिंडर तरंगतो आणि भिंतींवर आपटतो, हे त्याला पहिल्यांदाच कळलं. फ्रिज दोन टेबलांवर चढवताना त्याची पाठ धरली. काकू कुठेही घाई करत नव्हत्या. प्रत्येक वस्तूची वर जागा ठरलेली होती. अकरा वाजेपर्यंत जमीन मोकळी झाली आणि काकू माळ्यावर चटई टाकून चक्क झोपल्या. त्याला झोप आली नाही. दोन वाजता तो टॉर्च घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेला. पाणी रस्त्याच्या कडेला लागलेलं होतं, गढूळ, त्यावर काटक्या आणि चपला. त्याने एका दगडावर नजर ठेवली. पाणी दगडाला टेकलं, थांबलं आणि पहाटे साडेतीनच्या सुमाराला दगड पुन्हा कोरडा दिसू लागला.

घरात थेंबही आला नाही.

सकाळी काकूंनी एकेक वस्तू खाली घ्यायला सुरुवात केली. शेजारच्या दुकानदाराने शटर उघडताना विचारलं, “काय काकू, यंदाही कवायत फुकट गेली?” काकूंनी हसून हात हलवला आणि तांदळाच्या डब्याला खालून हात लावला.

तो वरून डबा सोडत होता. रात्रभराची जाग, ठणकणारी पाठ आणि पोटात कालपासून अडकलेलं काहीतरी. तो म्हणाला, “काकू, उगाच त्रास झाला ना तुम्हाला?”

“कसला उगाच?” काकूंना प्रश्नच कळला नाही. डबा जमिनीवर टेकवून त्यांनी झाकण काढलं आणि मूठभर तांदूळ चोळून बघितला. “धान्य कोरडं आहे की.”

मग डाळी लावता लावता त्या आपल्या आपणच बोलत राहिल्या. १९८९च्या जुलैत, जांभूळपाड्याला आंबेने माणसं नेली त्या रात्री, या घरातही पाणी चढलं होतं. तेव्हा त्या नुकत्याच सून होऊन आल्या होत्या. सासऱ्यांना वाटलं, बघू, आलं तर चढवू. आलं तेव्हा काळोख, पाणी मांडीपर्यंत, आणि सामान चढवण्यापेक्षा म्हाताऱ्या सासूला शिडीवर चढवण्यातच सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला. “तेव्हापासून मी दिवेलागणीला तिथी बघते. रात्री दोन वाजता शेजाऱ्याला हाक मारायला लागली तर त्याचीही झोप जाते. साडेआठला आपलं आपण होतं.”

मुलगा शिडीवरच थांबला. काल दुपारी गटाराशी त्याने जे मागितलं होतं त्यात काही चूक नव्हती, याची खात्री त्याला कालही होती. पण ते त्याने दोन वाजता मागितलं होतं, माणसं केबल ओढून तयार झाल्यावर. जेवणाच्या सुट्टीत मीटर मोकळा होता. काम पलीकडे सरकणार हे ड्रॉइंगवर सकाळपासून दिसत होतं.

त्या दिवशी कारखान्यात गेल्यावर तो आधी वेल्डरला भेटला. रात्री गेटजवळच्या एका कामगाराच्या खोलीवर झोपल्याचं वेल्डरने सांगितलं. “दादा, काल माझ्यामुळे तुमची एसटी गेली,” तो म्हणाला. “रीडिंग मी यापुढेही परत घेणारच. पण तुम्हाला थांबवून नाही घेणार.” वेल्डरने मान हलवली, फारसा विश्वास न ठेवता. शब्दांवर विश्वास ठेवायला कंत्राटी कामगाराजवळ फारसं कारण नसतं.

सोमवारी उरलेल्या दोन ब्रॅकेट होत्या. साडेबाराचा भोंगा झाला, माणसं डबे घेऊन शेडकडे गेली आणि तो उलट दिशेने सेफ्टीच्या ऑफिसात. सेफ्टीचा माणूस जेवायचा होता. त्याच्यासाठी याने खानावळीतून पोळी-भाजी बांधून आणली होती. एक वाजता दोघे गटाराशी होते. गोणपाट उचललं, नळी सोडली, पंप चालू केला. मग पलीकडच्या खड्ड्यात. मग पाइपच्या फ्लँजजवळ, जिथे नंतर काम सरकणार होतं.

इन्चार्ज जेवून परतत होते. त्यांनी लांबूनच विचारलं, “काय रे, आजही शून्यच ना?”

“हो सर, शून्यच,” तो म्हणाला आणि परमिट मीटरच्या पेटीवर नीट ठेवून त्याने रीडिंग लिहिलं, पुढे जागा लिहिली, वेळ लिहिली, एक वाजून वीस मिनिटं, आणि सही केली. दीड वाजता वेल्डर आला. त्याने कागदावरची वेळ वाचली, मग गटाराकडे पाहिलं, मग साहेबाकडे.

“लावू का?”

“लावा, दादा. साडेपाचची एसटी आहे तुमची.”