आधाराला आधार कोणाचा?

‘आधार’ हा शब्द आपण मोठ्या गौरवानें उच्चारतों. अमकी व्यक्ति घराचा आधार आहे, असें म्हटलें कीं बोलणाऱ्यास ऋण फेडल्यासारखें वाटतें. परंतु एकदां कोणाला आधार म्हटलें, कीं त्याची विचारपूस करण्याचें आपण सोडून देतों. घराच्या खांबाला बरें वाटतें कीं नाहीं, हें कोण विचारतो? हा गौरव कीं सोयीस्कर विस्मरण, हा प्रश्न मला शरीरशास्त्रांतील एका प्रकरणानें सुचविला.

मेंदूंत संदेश वाहणाऱ्या चेतापेशी असतात, हें सर्वश्रुत आहे. जवळजवळ तितक्याच संख्येनें दुसऱ्या पेशीहि तेथें नांदतात. त्यांतील बहुतेकींना ज्या नांवानें ओळखतात, तें ‘न्यूरोग्लिया’ हें नांव १८५६ सालीं फिर्शो ह्या जर्मन पंडितानें योजिलें. ‘ग्लिया’ ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस. सुतार फळीला फळी चिकटवितो तो! नांव पडलें तशी दृष्टीहि पडली. चेतापेशींची भाषा विजेची. म्हणून शास्त्रज्ञांनीं विजेचे स्पंद टिपणारीं यंत्रें लावलीं. त्या यंत्रांपुढें ह्या पेशी गप्प राहिल्या, आणि त्यांना सांगण्यासारखें कांहीं नाहीं असें ठरून गेलें. पुढें १९९० सालीं कॅल्शियम दाखविणाऱ्या रंगद्रव्यांच्या साहाय्यानें पाहतांना त्यांच्यांतून कॅल्शियमच्या लाटा पसरत असलेल्या दिसल्या. त्या मुक्या नव्हत्या. ऐकणाऱ्यांचा कान दुसऱ्याच भाषेकडे होता.

ह्यांपैकीं तारकापेशींची गोष्ट विशेष मननीय आहे. चेतापेशींचें पोषण करणें, त्यांनीं सोडलेलीं द्रव्यें वेळींच उचलून घेणें, हें त्यांचें नित्यकर्म. परंतु त्यांना काचेच्या बशींत वेगळें वाढविलें, तर त्या बहुधा चपट्या राहतात. बाहेरून नॉरअॅड्रेनॅलिनसारखें द्रव्य येऊन त्यांच्या आवरणास भिडलें, कीं आंत ‘सायक्लिक ए. एम. पी.’ नांवाचें द्रव्य वाढतें. बाहेरचा निरोप्या उंबरठ्यावरच थांबतो. माजघरांत निरोप नेतो तो हा दुसरा निरोप्या. त्याचा शोध लावणाऱ्या अर्ल सदरलंड ह्यांना १९७१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. हा निरोप्या आंत वावरूं लागला, कीं कांहीं तासांतच चपट्या पेशीला फांद्या फुटून ती ताऱ्यासारखी दिसूं लागते; तो नाहींसा झाला, कीं ती पुन्हा पूर्ववत् होऊं लागते.

निरोप विपरीत असला तर? २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत असें आढळलें कीं, मेंदूंतील प्रक्षुब्ध रक्षकपेशींनीं सोडलेल्या तीन प्रथिनांच्या प्रभावानें तारकापेशी आपलें पालनाचें काम सोडतात, इतकेंच नव्हे, तर चेतापेशींच्या मृत्यूस कारण होतात. पालन करणारी तीच, घात करणारीहि तीच. मध्यें बदलला तो निरोप.

पेशींवरून माणसाचा धर्म ठरवूं नये, हा आक्षेप मला मान्य आहे. पेशीला निवड नसते, माणसाला असते. कटु वागणाऱ्याची जबाबदारी पुसून टाकण्याचा माझा हेतु नाहीं. परंतु निवड जशी त्याला आहे, तशी ती आपणांसहि आहे. सारा जन्म घर सांभाळलेली थोरली वहिनी उतारवयांत तिखट बोलूं लागली, कीं ‘तिचा स्वभावच तसा’ म्हणून आपण मोकळे होतों. गेल्या वीस वर्षांत तिच्या उंबरठ्यापर्यंत कोणते निरोप गेले, आणि त्यांत कामाच्या हुकमांवांचून दुसरे किती होते, ह्याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. ‘स्वभाव’ हा शब्द पुष्कळदां आपल्याच वर्तनावर घातलेलें पांघरूण असतें.

शास्त्रज्ञांना ह्या पेशींचें बोलणें कळावयास सव्वाशेंहून अधिक वर्षें लागलीं, कारण तें ऐकण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. घरांतल्या माणसाविषयीं ही सबब आपणांस सांगतां यावयाची नाहीं.