शिक्षा भोगलेल्याचा व्यवसाय

गीतेच्या नवव्या अध्यायातील तिसावा श्लोक पतितांचा आधार म्हणून प्रसिद्ध आहे. अत्यंत दुराचारी मनुष्यही अनन्यभावाने भगवंतास भजू लागला, तर त्यास साधूच मानावे, असा त्याचा आशय. पाप्याला दिलासा म्हणूनच हा श्लोक बहुधा वाचला जातो. परंतु त्यातील ‘मंतव्य’ हे पद कोणास उद्देशून आहे? मानण्याचे काम पाप्याचे नाही. ते त्याच्याकडे पाहणाऱ्यांचे आहे. म्हणजे ही आज्ञा समाजाला आहे.

कारागृहाच्या दाराबाहेर ह्या आज्ञेची कसोटी लागते. शिक्षा पूर्ण भोगून एखादा मनुष्य बाहेर येतो. कायद्याचे देणे फिटलेले असते. तो काम मागू लागला की अर्जातील एका रकान्यापाशी त्याचा हात थांबतो : पूर्वी शिक्षा झाली आहे काय? खरे लिहावे तर काम जाते. खोटे लिहावे तर संकल्प जातो. घरी चूल पेटलेली नसते. जुने सोबती मात्र दारात उभे असतात, आणि त्यांना पोलिसांचा दाखला लागत नाही.

कर्मावाचून शरीरयात्राही चालत नाही, असे तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या श्लोकात भगवंतांनी सांगितले आहे. मग सन्मार्गाने जगू इच्छिणाऱ्याला कर्मच नाकारणे म्हणजे त्यास पुन्हा आडमार्गावर ढकलणे होय. नवव्या अध्यायातील त्या श्लोकात, अशा मनुष्याचा निश्चय योग्य आहे, एवढेच कारण दिले आहे. तेथे निश्चयासाठी जो शब्द योजला आहे, त्याच धातूपासून ‘व्यवसाय’ हा शब्द आला. आणि मराठीत व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा उद्योग. उद्योगाचा आधार नसलेला निश्चय फार दिवस तग धरीत नाही.

व्यवहारी गृहस्थ येथे विचारील, ‘मग तिजोरीच्या किल्ल्या चोराच्या हाती द्याव्या काय?’ गीता विवेक सोडावयास सांगत नाही. अपहार करणाऱ्याकडे पहिल्याच दिवशी रोकड सोपवू नये. मुलांना इजा करणाऱ्यास शाळेत नेमू नये. पण ‘हे काम नको’ आणि ‘कोणतेच काम नको’ ह्यांत फार अंतर आहे. पहिला विवेक, दुसरी केवळ भीती. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते, हे विसरता कामा नये.

हा विश्वास अव्यवहार्य नाही. औंध संस्थानाने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे खुली वसाहत उभारली व गंभीर गुन्ह्यांतील बंद्यांना भिंतींवाचून शेती करू दिली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्याच प्रयोगावरून स्फुरला. राजस्थानात सांगानेर येथे १९६३ पासून चालत आलेल्या खुल्या बंदीगृहातील बंदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन चरितार्थ मिळवितात. विनोबांनी तर गीतेवरील आपली प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगातच दिली.

कायद्यानेही काही दारे उघडली आहेत. १९५८ च्या परिवीक्षा कायद्यान्वये न्यायालयाने ताकीद देऊन किंवा सद्वर्तनाच्या हमीवर सोडलेल्या अपराध्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीच्या अर्जात खरी माहितीच दिली पाहिजे, असे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तरुणपणातील क्षुल्लक अपराध लपविला गेला असला तरी तो पोटात घालण्याची मुभाही नेमणूक करणाऱ्यास दिली. मात्र खरे सांगितले तरी नेमणूक केलीच पाहिजे, अशी सक्ती नाही. कायदा येथे थांबतो. तेथून पुढे धर्माचे क्षेत्र सुरू होते.

म्हणून काम मागणाऱ्याने सत्यच सांगावे. सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे हे सतराव्या अध्यायात वाणीचे तप म्हटले आहे. अपराध थोडक्यात सांगावा, दुसऱ्यावर ढकलू नये, आणि आज आपणास कोणते काम येते ते स्पष्ट सांगावे. दहा दारे बंद झाली तरी अकरावे ठोठवावे. एकतिसाव्या श्लोकात भगवंतांनी आपला भक्त नाश पावत नाही, असे अभिवचन दिले आहे. त्यावर भार ठेवावा.

आणि ज्याच्या हाती नेमणूक आहे, त्याने जाणावे की ते अभिवचन पुष्कळदा मनुष्याच्याच हातून पुरे होते. प्रातःकाळी नववा अध्याय वाचणाऱ्याची खरी परीक्षा दुपारी, तो अर्ज त्याच्या पुढ्यात आल्यावर होते. तेथे त्या मनुष्यास समोर बसवून दोन प्रश्न विचारणे व झेपेल असे एखादे काम देऊन पाहणे, हेच त्या अध्यायाचे पारायण होय.