घाटातले दर्शन

दिवे घाट चढताना दिंडीतला एक मुलगा वळणावळणावर थांबून मोबाईलवर फोटो घेई. आम्ही रागावलो, "अरे बाबा, वाटेत नाम घ्यावे, फोटो कसले घेतोस?" सासवडच्या मुक्कामी त्याने ते दाखविले. खाली मस्तानी तलाव, उतारावर ज्येष्ठाचे कोवळे गवत. चाळीस वर्षे आम्ही हाच घाट चढतो. पण नजर सदा पुढच्याच्या टाचेवर! हे पाहिलेच नव्हते. मग चुकले कोण?

यंत्राला दोष नाही. साठविण्याच्या लोभाने पाहिले तर तो संग्रह. 'हे त्याचेच रूप' म्हणून थांबून पाहिले तर ते दर्शन. माउली, पुढल्या वारीत आम्हीही त्या वळणावर क्षणभर थांबू. हातात मात्र टाळच राहील. रामकृष्णहरी!