आधी विझवायला शीक

महाल गुलाऱ्याला, उतावळी नदीच्या काठी, सहलीला जाऊन आलास. बायको-मुलं, आईवडील, दोन गाड्या भरून माणसं. चुलीवरचा स्वयंपाक केला म्हणून गावभर सांगत सुटलास. आता मला सांग. चूल पेटवलीस कशानं? मोटारसायकलमधून काढलेल्या पेट्रोलनं. डाळ कशी झाली? खाली करपलेली, वर कच्ची. बट्ट्या? बाहेरून कोळसा, आतून पीठ. शेवटी पोरांनी काय खाल्लं? वेफर्सची पाकिटं. आणि निघताना विस्तवाचं काय केलंस? "विझला असेल, सर."

असेल? तुला माहीत नाही?

हा 'असेल' मला खपत नाही. बाकीचं सगळं बाजूला ठेवीन एक वेळ, हा नाही.

लाकडं ओली होती म्हणतोस. मग ती उचललीस कशाला? वाळकी काटकी मोडली की कटकन आवाज येतो, ओली नुसती वाकते. हे सांगायला मास्तर लागतो? वारा फार होता म्हणतोस. वारा तुला विचारून वाहणार आहे का? तो कुठून येतोय ते बघून चुलीचं तोंड फिरवायचं असतं. धूर फार झाला म्हणतोस. होणारच. चुलीच्या तोंडात लाकडं कोंबून कोंबून भरलीस, हवा जायला बोटभर फट ठेवली नाहीस. जळायला हवा लागते हे तू शाळेत शिकलास. विज्ञानात तुझे गुण वर्गात सगळ्यांत जास्त असायचे. ते उत्तरपत्रिकेसाठी होते का? नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुला पाठ आहे. लागू कुणाला पडते तेवढं फक्त बघत नाहीस.

तू बुऱ्हाणपूरचा आहेस. म्हणून तर राग येतो. एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला निमाड. उघड्या विस्तवावर रांधणं ह्या मातीत घराघरात होतं. थंडीत शेतावर भरीत पार्टी झाली की वांगी कशावर भाजायचे? कापसाच्या पऱ्हाट्यांवर. पऱ्हाटी भडकन पेटते, जाळ मोठा देते, लवकर बसते. वांग्याला तेच हवं असतं: साल करपावी, आतला गर शिजावा. बट्टीला जाळ चालत नाही. तिला गोवऱ्यांचा निखारा हवा. गोवऱ्या पुऱ्या पेटू द्यायच्या, धूर थांबू द्यायचा, वर राखेचा पांढरा थर आला की बट्ट्या आत लोटायच्या, वरून गरम राख ओढायची आणि अधूनमधून फिरवायच्या. तडकल्या की झाल्या. फडक्यात झटकायच्या आणि तुपात बुडवायच्या. डाळीला तिसराच विस्तव. बाभळीसारखं कठीण लाकूड, दोन-तीनच ओंडके, जाळ मंद आणि सारखा. तू काय केलंस? डाळ, बट्ट्या दोन्ही एकाच भडक्यावर चढवलंस आणि चुलीला नावं ठेवलीस.

हे तुला ठाऊक नव्हतं? खोटं बोलू नकोस. आजीच्या शेजारी बसून तू हे पाहिलं आहेस. कळतं, पण वळत नाही.

वेळ नव्हता, हे तुझं आवडतं पालुपद. अकरा वाजता घरातून निघालास. बाराला पोचलास. अर्धा तास फोटो काढलेस. पोरं भुकेनं रडायला लागली तेव्हा दगड शोधायला उठलास. निखारा तयार व्हायला वेळ लागतो, त्याला तुझी घाई कळत नाही. चूल भुकेच्या आधी पेटवायची असते. मग लवकर निघायला काय झालं होतं? वेळ नव्हता असं नाही, अंथरूण सुटत नव्हतं. जे आहे ते म्हण.

सामान कमी पडलं, हेही ऐकलं. निमाडात मक्याचं पीठ पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात. पानिये म्हणतात त्याला. ना तवा लागतो, ना कढई. पातेलं काळं होईल ही भीती होती, तर चढवण्याआधी बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, काजळी मातीबरोबर धुऊन जाते. सामान कमी पडलं नाही. कमी पडला तो विचार.

आता आणखी एक. तुझी बायको घरी रोज गॅससमोर उभी असते. सहलीला नेलंस आणि धुरासमोर बसवलंस. पीठ तिनं मळलं, फुंकर तिनं मारली, डोळे तिचे चुरचुरले, भांडी तिनं घासली. तू खुर्ची टाकून उंटावरून शेळ्या हाकत होतास. मग सहल कुणाची झाली? आणि पोरं? त्यांच्या हातात मोबाइल दिलास, "चुलीजवळ येऊ नका" म्हणून दटावलंस. सात-आठ वर्षांचं पोर काटक्या निवडू शकतं. बट्ट्या वळू शकतं. दुरून निखाऱ्याचा रंग ओळखायला शिकू शकतं. तू त्यांना विस्तवापासून लांब ठेवलंस आणि विस्तवाबद्दल काहीच सांगितलं नाहीस. उद्या ती मित्रांबरोबर जातील तेव्हा काय करतील? तू केलंस तेच. पेट्रोल ओततील.

त्या पेट्रोलचं बोलू. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढताक्षणी हातापर्यंत पेट घेते. भाजलेल्या माणसाला "गंमत केली" म्हणून सांगता येत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या टाकून चूल पेटवतोस, त्याच धुरावर पोरांची भाकरी भाजतोस. नदीच्या पात्रातले ओले दगड चुलीला लावतोस. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की असा दगड फुटतो आणि कपच्या उडतात. आणि निघताना निखाऱ्यांवर वाळू लोटून मोकळा होतोस. वाळूखाली निखारा कित्येक तास धगधगता राहतो. वरून दिसत नाही. दुसऱ्या कुणाचं पोर अनवाणी धावत येतं आणि त्याचा पाय त्यात पडतो. त्याचा विचार केलास?

सातपुड्यात फेब्रुवारी-मार्चला साग पानं गाळतो. वाळक्या पानांचा थर साऱ्या डोंगरावर पसरतो. एक ठिणगी उडाली तरी वणवा लागतो. मध्य भारतात वनखातं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा काळ धरतं. जाळपट्टे काढण्यात आणि आग विझवण्यात माणसांचे दिवस जातात. राखीव जंगलात धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा जळता सोडणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. पण तुला कायद्याची भीती घालायला मी बसलो नाही. शिकलेल्या माणसाला एवढ्यासाठी कायदा दाखवावा लागतो, ह्याची मला लाज वाटते.

विझवायला पाणी नव्हतं म्हणालास, तेही नदीकाठी बसून. कुठल्या गावचा तू? ज्या गावानं 1615 च्या सुमारास, खानखानान रहीमच्या काळात, सातपुड्याच्या उतारावरचं पाणी जमिनीखालून आणायला कुंडी भंडारा बांधला, त्या गावचा. तुला गाडीच्या डिकीत पाण्याचे दोन कॅन जास्तीचे टाकता आले नाहीत? शीतपेयाच्या बाटल्यांना जागा होती ना?

ऐक. पुढच्या खेपेला उन्हाळ्यात जंगलात चूल मांडूच नकोस. थंडीत ओळखीच्याच्या शेतावर जा, विचारून जा. सकाळी लवकर नीघ. जागा हातभर झाडून पालापाचोळा दूर कर. दगड कोरडे घे. लाकूड वाळकं घे. पीठ तू मळ, बायकोला बसू दे. पोरांना शेजारी घे आणि प्रत्येक गोष्ट का करतोस ते सांग. जेवण झालं की निखाऱ्यांवर पाणी ओत. काठीनं ढवळ. पुन्हा ओत. मग हाताची पालथी बाजू राखेजवळ ने. ऊब लागली तर अजून विझलेलं नाही. राख गार लागली की मगच गाडीची किल्ली हातात घे. उष्टं-खरकटं आणि पाकिटं पिशवीत भरून घरी आण.

ह्यात तुला न जमण्यासारखं एकही काम नाही. म्हणूनच तुझी एकही सबब मी ऐकणार नाही. ज्याला विस्तव विझवायचा कंटाळा, त्यानं तो पेटवू नये.